पुन्हा पुन्हा तोडफोड करणाऱ्याला वाढीव शिक्षा होते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीत रस्त्यावरच्या गाड्यांच्या काचा फुटल्या की सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकच सवाल असतो: यांना कडक शिक्षा का होत नाही? फोडणारा बहुतेकदा नवखा नसतो. वस्तीला त्याचं नाव पाठ असतं, पोलिसांनाही असतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि नुकसानीच्या गुन्ह्यांच्या शिक्षाही वाढल्या. तरी 'सराईत' माणसाला कायदा नेमका कधी जास्त शिक्षा देतो, याबद्दल गैरसमज भरपूर आहेत. इथली उत्तरं महाराष्ट्रातला वाचक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तुमचं प्रकरण प्रत्यक्ष चालू असेल तर कागद वकिलाला दाखवाच.

तोडफोडीला कुठलं कलम लागतं आणि शिक्षा किती?

न्याय संहितेचं कलम ३२४. कायद्याच्या भाषेत या गुन्ह्याला 'आगळीक' म्हणतात. नुकसान व्हावं या हेतूने, किंवा ते होईल हे माहीत असूनही, एखादी वस्तू नष्ट केली, तिची किंमत किंवा उपयोग कमी केला, तर ती आगळीक. नुसता निष्काळजीपणा इथे बसत नाही. गाडी मागे घेताना कुणाची भिंत पाडली, तर भरपाईचा दावा होईल, आगळीक होणार नाही.

शिक्षा नुकसानीच्या रकमेवर ठरते. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद. सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेसह कुठल्याही मालमत्तेचं नुकसान झालं तर एक वर्षापर्यंत. २० हजार ते एक लाखाच्या आतलं नुकसान असेल तर दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. या चारही पायऱ्यांवर कैदेऐवजी फक्त दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. १८६० च्या दंड संहितेत दोन वर्षांच्या शिक्षेची पायरी पन्नास रुपयांवर सुरू व्हायची आणि ती रक्कम २०२४ पर्यंत तशीच राहिली होती. आगीने नुकसान केलं तर कलम ३२६ येतं: सात वर्षांपर्यंत कैद. आगीने राहतं घर किंवा प्रार्थनास्थळ नष्ट करायचा प्रयत्न असेल तर दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप.

दुसऱ्यांदा पकडला गेला की शिक्षा आपोआप वाढते का?

नाही. सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे.

वाढीव शिक्षेचं कलम आहे १३, जुन्या दंड संहितेतलं कलम ७५. त्यानुसार दुसऱ्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप होऊ शकते. ऐकायला जबरदस्त. पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, आधीचा गुन्हा संहितेच्या प्रकरण १० मधला (नाणी, नोटा, मुद्रांक) किंवा प्रकरण १७ मधला (मालमत्तेविरुद्धचे गुन्हे, आगळीक यातच येते) असावा लागतो आणि त्याला कायद्यात तीन वर्षं किंवा जास्त कैद सांगितलेली असावी लागते. प्रत्यक्षात सहाच महिने झाले असतील तरी चालतं, बघायची ती कमाल मर्यादा. दुसरी, नवा गुन्हाही त्याच दोन प्रकरणांतला आणि तितक्याच वजनाचा हवा. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. आधी दोषी ठरलेला असावा आणि मग नवा गुन्हा केलेला असावा. मार्चमध्ये एक आणि मेमध्ये एक तोडफोड केली आणि दोन्ही खटले एकाच वेळी चालू आहेत, तर दुसरा गुन्हा 'पुन्हा केलेला' ठरत नाही.

कलम १३ लागलं तरी किमान शिक्षेचं बंधन त्यात नाही. ते फक्त कमाल मर्यादा वर नेतं. त्या मर्यादेच्या आत किती द्यायची, हे न्यायाधीश ठरवतात.

मग दर वेळी लाखाच्या आत नुकसान करणारा माणूस कलम १३ मध्ये कधीच सापडत नाही?

बरोबर ओळखलंत. आगळिकीची कमाल शिक्षा तीन वर्षांच्या पुढे जाते ती लाखाच्या पायरीवर. एका रात्री एका चारचाकीची पुढची काच फोडली, वर्षभराने दुसऱ्या गल्लीत आणखी एका गाडीची, त्यानंतर कुणाच्या दुकानाचं शटर वाकवलं. प्रत्येकाचं बिल काही हजारांत. तिन्ही वेळा दोषी ठरला तरी चौथ्या वेळी कमाल शिक्षा तीच, सहा महिने किंवा एक ते दोन वर्षं.

आता शेजारचं चोरीचं कलम बघा. कलम ३०३(२) मध्ये नव्या संहितेने सरळ लिहिलं आहे की चोरीसाठी दुसऱ्यांदा किंवा त्यानंतर दोषी ठरल्यास किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी आणि दंड. मोबाइल दुसऱ्यांदा चोरणाऱ्याला किमान वर्षभर आत जावं लागतं. तोच मोबाइल दगडाने दहाव्यांदा फोडणाऱ्याला तशी तरतूद नाही. कायदा नव्याने लिहायला घेतला होता, तेव्हा ३२४ मध्येही असं एक वाक्य घालता आलं असतं. ते घातलं गेलं नाही, आणि माझ्या मते ही त्रुटी आहे.

एवढं मात्र खरं की त्या कमाल मर्यादेच्या आत न्यायालय आधीची दोषसिद्धी बघतंच. पहिल्या गुन्ह्याला परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय आहे. आधीची दोषसिद्धी पुराव्यात आली की समज देऊन सोडण्याचा मार्ग बंद होतो आणि बंधपत्राचाही अवघड होतो. दंडावर सुटणारा माणूस कैदेत जातो तो बहुतेकदा या वाटेने, कलम १३ मुळे नव्हे.

कोयते, दांडकी घेऊन दहशत माजवत गाड्या फोडल्या तर?

तर चित्र बदलतं, आणि फिर्याद देणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं. कलम ३२४(६) म्हणतं की कुणाला मारण्याची, दुखापत करण्याची, अडवून धरण्याची किंवा त्याची भीती घालण्याची तयारी करून आगळीक केली, तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. इथे नुकसानीच्या रकमेची अट नाही. काच आठ हजारांची असली तरी कलम लागतं. कमाल शिक्षा तीन वर्षांच्या वर असल्यामुळे कलम १३ चा विचारही शक्य होतो.

म्हणून जबाबात फक्त "माझ्या गाडीची काच फोडली" एवढंच लिहून घेऊ देऊ नका. हातात काय होतं, काय ओरडत होते, तुम्ही खिडकीतून डोकावल्यावर कोयता कुणाच्या दिशेने रोखला, लोकांनी दारं लावून घेतली का, हे सगळं घडलं असेल तर जसंच्या तसं सांगा. घडलं नसेल तर वाढवून सांगू नका. उलटतपासणीत असं वाक्य पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं आणि खरी फिर्यादही संशयात येते.

त्याच्यावर आधीच चार-पाच गुन्हे दाखल आहेत. ते धरले जात नाहीत का?

कलम १३ साठी नाही. दाखल गुन्हा म्हणजे आरोप, दोषसिद्धी नव्हे. गुन्हा अजामीनपात्र असेल तर जामिनाच्या वेळी मात्र हीच यादी उपयोगी पडते. आरोपीची पार्श्वभूमी न्यायालय पाहतं, सरकारी वकील ती मांडतात आणि जामीन फेटाळण्याचं किंवा कडक अटी घालण्याचं ते एक कारण ठरू शकतं.

तडजोड करून प्रकरण मिटवलं तर पुढच्या वेळी ते मोजलं जातं का?

नाही, आणि सराईतांची पाटी कोरी राहते ती मुख्यतः यामुळेच. फक्त खासगी व्यक्तीचं नुकसान झालं असेल तर साध्या आगळिकीचा गुन्हा त्या व्यक्तीला आपसात मिटवता येतो. पोराचे वडील येतात, काचेचे पैसे देतात, हात जोडतात. तुम्हालाही तारखांना जायचं नसतं. सही होते. कायद्याने या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा होतो. पुढच्या वर्षी तोच मुलगा दुसऱ्याची गाडी फोडतो तेव्हा न्यायालयासमोर तो पहिलटकर असतो.

एका गल्लीत चार घरांनी चार वेळा असं मिटवलं की पाचव्याच्या हातात काही उरत नाही. मिटवूच नका, असं मी म्हणणार नाही. एखाद्या पोराच्या हातून एकदा चूक होते, पैसे भरून मिळतात, खटला वर्षानुवर्षं लांबत नाही, हेही फायदे आहेत. सही करण्याआधी फक्त शेजारी विचारून बघा, याने आणखी कुणाकडे असंच मिटवलं आहे का.

आधीच्या दोषसिद्धीमुळे आरोपी वाढीव शिक्षेला पात्र असेल, तर गुन्हा आपसात मिटवता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ३५९ मध्येच तसं म्हटलं आहे.

आधीची शिक्षा न्यायालयाला आपोआप कळते का?

कळत नाही, सांगावी लागते. वाढीव शिक्षा मागायची असेल तर आधीची दोषसिद्धी, तिची तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहावं लागतं. राहून गेलं तर शिक्षा सुनावण्याआधी केव्हाही जोडता येतं. पुरावा म्हणून आधीच्या निकालाचा प्रमाणित उतारा किंवा तुरुंगाधिकाऱ्याच्या सहीचा दाखला चालतो. शिवाय त्या कागदावरचा माणूस आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे, हेही दाखवावं लागतं. जिल्हा बदललेला, वय वेगळं सांगितलेलं, नावाचं स्पेलिंग तिसरंच, असे घोळ इथे होतात.

फिर्यादीच्या हातात एक गोष्ट आहे. त्याला आधी शिक्षा झाल्याचं माहीत असेल तर कुठल्या न्यायालयात आणि साधारण कुठल्या वर्षी, हे तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलाला लेखी द्या. शोधणं त्यांचं काम आहे हे खरं, पण एका टेबलावर शेकडो फाइली असतात.

आधीची शिक्षा चोरीची होती, आता तोडफोड केली आहे. मोजली जाईल?

मोजली जाऊ शकते. चोरी, फसवणूक, विश्वासघात, आगळीक ही सगळी प्रकरण १७ मधली भावंडं आहेत. चोरीची दोषसिद्धी आणि नंतर एक लाखावरची तोडफोड, हे जुळतं. मारहाणीची शिक्षा मात्र मोजली जात नाही, कारण ते प्रकरण वेगळं.

जुन्या दंड संहितेखालची दोषसिद्धी असेल तर बचाव पक्षाचा वकील एक मुद्दा नक्की काढेल: कलम १३ मध्ये 'या संहितेच्या' प्रकरण १७ खालचा गुन्हा असे शब्द आहेत. सरकारी वकिलाने त्याला उत्तर तयार ठेवलेलं बरं.

आरोपी अल्पवयीन असेल तर?

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठराच्या आतल्या मुलाने केलेल्या गुन्ह्यामुळे त्याला पुढे अपात्रता चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर ती नोंदही नष्ट करायची असते. अपवाद आहे तो सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचा अतिगंभीर गुन्ह्यातला खटला प्रौढासारखा चालला असेल तर. काचा फोडणं त्या वर्गात येत नाही. सतराव्या वर्षीची तोडफोड बाविसाव्या वर्षी 'आधीची शिक्षा' म्हणून काढता येणार नाही. टोळ्या पोरांना पुढे करतात त्याचं हेही एक कारण आहे, आणि तिथे पोराची शिक्षा वाढवण्यापेक्षा त्याला पाठवणाऱ्याला आरोपी करणं जास्त कामाचं.

एसटीवर दगडफेक केली तर हेच कलम लागतं?

त्यासोबत सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंधक अधिनियम, १९८४ लागतो. त्यात साध्या नुकसानीलाही पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. बस, पाणीपुरवठा, वीज, दूरसंचार अशा सेवांच्या मालमत्तेला किमान सहा महिने सक्तमजुरी, कमाल पाच वर्षं. सहा महिन्यांहून कमी द्यायची तर न्यायालयाला कारण लिहावं लागतं. आग किंवा स्फोटकं वापरली तर किमान एक वर्ष, कमाल दहा. सरकारी वकिलाला विरोध करण्याची संधी दिल्याशिवाय जामीन देता येत नाही.

पुन्हा गुन्हा केल्यास जास्त शिक्षा, असं कलम याही कायद्यात नाही. आणि केवळ १९८४ च्या कायद्याखाली झालेली दोषसिद्धी कलम १३ साठी धरता येत नाही, कारण ती संहितेच्या प्रकरण १७ मधली नसते. म्हणून दोन्ही कायद्यांची कलमं एकत्र लावलेली असणं महत्त्वाचं. विधी आयोगाने २०२४ च्या २८४ व्या अहवालात सुचवलं की जामिनासाठी नुकसानीइतकी रक्कम भरण्याची अट असावी.

रुग्णालयाची तोडफोड, किल्ल्याच्या भिंतीवर नावं कोरणं?

रुग्णालयासाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि फोडलेल्या वैद्यकीय उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. दुप्पट भरपाईची ही कल्पना इतरत्रही उचलायला हवी होती. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाचं नुकसान केल्यास १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खटल्याचा निकाल लागायला वर्षं जातात. तोवर काहीच करता येत नाही?

येतं. किंबहुना सराईत माणसाचा बंदोबस्त प्रत्यक्षात होतो तो जास्त करून याच मार्गांनी.

चॅप्टर केस हा पहिला. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२९, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ११०. नेहमी आगळीक करणारा माणूस, असा उल्लेख या कलमात थेट आहे. कार्यकारी दंडाधिकारी त्याच्याकडून तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, जामीनदारांसह, घेऊ शकतात. इथे आधीची दोषसिद्धी लागत नाही. तो सराईत आहे हे परिसरातल्या सर्वसाधारण लौकिकावरूनही सिद्ध करता येतं. मात्र कुणीतरी पुढे येऊन तसं सांगावं लागतं, आणि घोडं अडतं ते तिथेच. दिलेल्या मुदतीत कैदेला पात्र असा कुठलाही गुन्हा केला की बंधपत्र मोडलं.

दुसरा, तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ आणि ५७ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं. कलम ५६ मध्ये, साक्षीदार भीतीने उघडपणे बोलायला तयार नाहीत, हेही एक कारण म्हणून चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, माणसाच्या संचारस्वातंत्र्यावर घाला घालणारा. ठोकळेबाज मजकुराचे आदेश त्यामुळे उच्च न्यायालयात टिकत नाहीत.

तिसरा एमपीडीए, १९८१ चा कायदा. शरीराविरुद्धचे किंवा मालमत्तेविरुद्धचे गुन्हे सवयीने करणाऱ्या 'धोकादायक व्यक्ती'ला एक वर्षापर्यंत स्थानबद्ध करता येतं. टोळी असेल तर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. तिथे गेल्या दहा वर्षांतली एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं मोजतात, दोषसिद्धी नव्हे. पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांनी तो लावलाही आहे.

या मार्गांची ताकद आणि धोका एकाच ठिकाणी आहे. खटला न चालवता माणसाच्या स्वातंत्र्याला हात घातला जातो. ज्याने तीन वेळा काचा फोडल्या त्याला लागतं तेच कलम उद्या मोर्च्यात पुढे उभ्या असलेल्यालाही लावता येतं.

काच फोडणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा देता येते का?

नव्या संहितेत समाजसेवा ही शिक्षा आली खरी, पण मोजक्याच गुन्ह्यांना. आगळीक त्यात नाही. ज्याने भिंत रंगवून खराब केली त्याच्याकडून ती पुसून घ्यावी, ही सगळ्यांना सुचणारी शिक्षा नेमकी इथे उपलब्ध नाही.

त्याला शिक्षा झाली तर माझे पैसे मिळतात का?

आपोआप नाही. दंड सरकारजमा होतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली न्यायालय दंडातून नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतं, आणि दंड केलेला नसला तरी वेगळी भरपाई ठरवू शकतं. मात्र मागितली नाही तर विषय निघेलच असं नाही, म्हणून बिलं खटल्यात दाखल असू द्या. गाडीचा सर्वसमावेशक विमा असेल तर कुणी मुद्दाम केलेलं नुकसानही त्यात येतं. फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही.

शिक्षा आणखी कडक कराव्यात का?

एका बाबतीत हो. चोरीसारखं दुसऱ्या दोषसिद्धीचं कलम आगळिकीलाही हवं, आणि त्यात कैदेच्या आधी सक्तीची भरपाई हवी. सरसकट वर्षं वाढवण्याबद्दल मला उत्साह नाही. काच फोडायला निघालेला पोरगा दोन वर्षं की पाच, असा हिशोब करत नाही. पकडला जाईन की नाही, एवढाच हिशोब करतो. इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये मांडलं होतं की शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या खात्रीची जरब जास्त. दोन वर्षांचं कलम कागदावर असताना प्रकरणं अदखलपात्र नोंदीतच संपत असतील, तर तिथे दहा वर्षं लिहूनही काही बदलत नाही.

पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र नोंद) घेतली. पुढे काय?

किरकोळ नुकसानीचा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. एनसीची प्रत घ्या आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली तपासाचा आदेश मिळावा म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, किंवा थेट खासगी तक्रार करा. त्याआधी गॅरेजचं लेखी अंदाजपत्रक घ्या, पंचनामा होईपर्यंत काच बदलू नका, फोटो काढा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जाण्याआधी उतरवून घ्या. नुकसान एक लाख किंवा जास्त असेल, किंवा दहशतीचा भाग असेल, तर गुन्हा दखलपात्र आहे, एफआयआरच मागा. मुदतीचंही भान ठेवा: एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालय एका वर्षाच्या आत घेऊ शकतं, दोन वर्षांच्या शिक्षेचा असेल तर तीन वर्षांच्या आत. पाच वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला अशी मुदत नाही.